रविवारच्या रॅपिडमधून पहिल्या क्लासिकल रेटिंग स्पर्धेकडे : कधी वळावं, तयारी काय? (सोलापूर)

प्यादं_पुढं | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सोलापुरात बुद्धिबळाच्या रविवारच्या एकदिवसीय रॅपिड (झटपट) स्पर्धा खेळणारे नोकरदार आणि दुकानदार बरेच आहेत. प्रत्येकाला १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद, दिवसभरात सगळ्या फेऱ्या, संध्याकाळी बक्षिसं आणि सोमवारी कामावर हजर. पण क्लासिकलचं (लांब वेळेच्या डावांचं) फिडे रेटिंग, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं दिलेला ताकदीचा आकडा, हवं असेल तर साधारणपणे ९० मिनिटं अधिक ३० सेकंदांची, चार-पाच दिवसांची स्पर्धा खेळावी लागते. त्यासाठी रजा काढा, बाहेरगावी राहा, वर प्रवेश फी.

माझं मत असं की रॅपिडमध्ये सातत्यानं निम्म्याहून जास्त गुण यायला लागल्याशिवाय क्लासिकलच्या वाटेला जाऊ नये. जाणकारांनी सांगावं, हे बरोबर आहे का? आणि जायचंच ठरलं तर तयारी काय करावी?

अडीच_घर | रात्री ९.३२

पूर्ण असहमत. आधी हिशेब मांडा. १५ अधिक १० मध्ये ४० चालींचा डाव झाला तर तुमच्या वाट्याला २१ मिनिटं ४० सेकंद येतात, म्हणजे चालीमागं साधारण ३२ सेकंद. ९० अधिक ३० मध्ये त्याच ४० चालींना ११० मिनिटं मिळतात, चालीमागं पावणेतीन मिनिटं. एवढ्या वेळात माणूस वेगळाच खेळ खेळतो. रॅपिडमध्ये ओळखीच्या आकृत्या आणि हाताची सवय तारून नेते. क्लासिकलमध्ये पाच चाली खोल मोजायचं, ते पुन्हा तपासायचं आणि चार तास खुर्चीत टिकायचं. हे रॅपिडमध्ये कितीही गुण घेऊन येत नाही.

उलट चाळिशीतला शांत माणूस रॅपिडमध्ये घड्याळावर हरतो आणि क्लासिकलमध्ये व्यवस्थित खेळतो. त्यामुळं रॅपिडचे गुण हे मोजमापच चुकीचं.

पंच_जुळे_सोलापूर | रात्री १०.०५

पंचाच्या खुर्चीतून दिसणाऱ्या गोष्टी सांगतो. आधी कागदपत्रं. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची खेळाडू नोंदणी चालू असली पाहिजे आणि फिडे आयडी हवा. राज्य आणि जिल्हा संघटनेची नोंदणी लागते का, ते माहितीपत्रकात बघा. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे आधारप्रमाणेच टाका. वडिलांचं नाव मधे, आडनाव आधी असा घोळ झाला की एकाच माणसाचे दोन आयडी तयार होतात आणि ते निस्तरताना महिने जातात.

मग माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. लोक बक्षिसांचा तक्ता वाचून थांबतात. बघायचं हे : उशिरा येण्याची मुदत किती (१५ मिनिटं, ३० मिनिटं की शून्य), मागितल्यावर अर्ध्या गुणाचा बाय (फेरी न खेळता मिळणारा गुण) मिळतो का आणि कोणत्या फेरीपर्यंत, गुण सारखे झाले तर क्रम कशानं ठरवणार, रोज किती फेऱ्या. न सांगता एक फेरी चुकवलीत तर पुढच्या जोड्यांमधून नाव काढलं जाऊ शकतं. आणि समोरचा आलाच नाही म्हणून मिळालेला गुण रेटिंगला धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

सातरस्ता | रात्री १०.११

पंचसाहेब, रेटिंग मिळायला नेमके किती गुण लागतात? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

पंच_जुळे_सोलापूर | रात्री १०.४८

गुणांची अशी अट नाही. रेटिंग असलेल्या किमान ५ प्रतिस्पर्ध्यांशी डाव झालेले हवेत. एकाच स्पर्धेत झाले नाहीत तर २६ महिन्यांतल्या स्पर्धा एकत्र धरतात. मात्र पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण असतील तर ती स्पर्धा धरत नाहीत.

आता आकडा कसा निघतो ते बघा. तुमच्या खऱ्या डावांत १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी झालेल्या दोन बरोबऱ्या मिळवतात. समजा ९ फेऱ्यांत रेटिंगवाले ७ भेटले, त्यांची सरासरी १५२०, आणि त्यांच्याविरुद्ध तुमचे ३ गुण. काल्पनिक दोन धरून ९ डाव, ४ गुण. सरासरी होते १५८२. ९ पैकी ४ म्हणजे ४४ टक्के, त्याला फिडेच्या तक्त्यात उणे ४३. म्हणून पहिलं रेटिंग १५३९. उत्तर १४०० च्या खाली आलं तर तुम्ही बिनरेटिंगच राहता, कारण मार्च २०२४ पासून खालची मर्यादा १००० वरून १४०० झाली.

नवी यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते. पहिले ३० डाव होईपर्यंत तुमचा के-गुणांक (एका डावानं रेटिंग किती हलू शकतं त्याचं माप) ४०. म्हणजे १५३९ वाल्यानं १६५० वाल्याला हरवलं तर २६ गुण वाढतात, बरोबरीत ६ वाढतात आणि हरला तर १४ जातात. ३० डावांनंतर गुणांक २० होतो, चढउतार निम्म्यावर येतो.

सातरस्ता | रात्री १०.५२

लई झाक समजावलं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

काळा_उंट | रविवार, सकाळी ७.२०

हिशेब उत्तम. पण त्यातून एक सवय लागते ती मोडून काढली पाहिजे. फेरीआधी प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग बघून लोक चालींचा स्वभाव बदलतात. २००० वाला समोर आला की पहिल्या दहा चालींतच वजिरा-वजिरी करून टाकायची, १४५० वाला आला की उगाच मोहरा सोडून हल्ला करायचा. दोन्हीकडं नुकसान. वजीर निघून गेल्यावर उरतं अंत्यपर्व (थोडे मोहरे उरलेला शेवटचा टप्पा), आणि तगडा खेळाडू तिथंच सगळ्यात जास्त तगडा असतो.

स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीला सारख्या गुणांचे समोरासमोर येतात त्या पद्धतीत, पहिल्या फेरीला वरची अर्धी यादी खालच्या अर्ध्या यादीशी खेळते. २०० खेळाडूंत तुमचा क्रमांक १८० असेल तर समोर ८० नंबरचा येणार. हरलात की दुसऱ्या फेरीला शून्य गुणांचा गट, तिथं जिंकलात की पुन्हा जड माणूस. ही वरखाली चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत चालते, मग तुमच्या ताकदीचे लोक भेटायला लागतात. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत शून्य आलं तरी स्पर्धा सोडून घरी जायचं नसतं. ५ रेटिंगवाले पुरे होणं तिथून पुढंच असतं.

अडीच_घर | सकाळी ७.४५

+१. सोडून जाणारे तिसऱ्या फेरीनंतरच जातात, आणि त्यानंतर त्यांच्या तोलाचे डाव सुरू झाले असते.

शाई_आणि_पट | सकाळी ९.०२

चाली लिहिण्याबद्दल कुणी बोललं नाही. रॅपिडवाल्यांची खरी अडचण तीच. ३० सेकंदांची वाढ असेल तर शेवटच्या चालीपर्यंत लिहायलाच लागतं, वेळ ५ मिनिटांखाली आली तरी सुटका नाही.

क्रम असा बसवा : चाल ठरवली, खेळली, त्याच हातानं घड्याळ दाबलं, मग लिहिली. खेळायच्या आधी लिहायला नियमानं मनाई आहे. अपवाद फक्त तीच स्थिती तीनदा आली, किंवा सलग ५० चालींत मारामारी आणि प्याद्याची चाल झाली नाही, म्हणून बरोबरीचा दावा करतानाचा. तिथं उलट करायचं. चाल कागदावर लिहायची, पटावर खेळायची नाही, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. मोहरा हलवून बसलात की त्या चालीवरचा दावा गेला. बरोबरी सुचवायची असेल तर आधी चाल खेळा, मग तोंडानं विचारा, मग घड्याळ दाबा, आणि दोघांनीही कागदावर बरोबरचं चिन्ह टाका.

सगळ्यात जास्त चूक होते ती बाराव्या-पंधराव्या चालीला. मारामारी चालू असते, दोघं पटापट खेळतात, एक ओळ सुटते आणि तिथून पांढऱ्याची चाल काळ्याच्या रकान्यात सरकत जाते. मग तीनदा स्थिती आली हे सिद्ध करायला कागद उपयोगाचा राहत नाही. उपाय सोपा : दर दहाव्या चालीच्या ओळीखाली बारीक रेघ मारा आणि तिथं घड्याळात उरलेली मिनिटं लिहा. उरलेली वेळ लिहायला परवानगी आहे. रेघेपाशी समोरच्याच्या चालीचा क्रमांक एका नजरेत जुळवून घेता येतो, आणि घरी गेल्यावर कळतं की कोणत्या दहा चालींनी तुमची ४० मिनिटं खाल्ली.

मोहऱ्यांची अक्षरं मराठीतही चालतात. रा, व, ह, उं, घो. आपल्या देशात रूढ असलेलं नाव वापरायची मुभा फिडेच्या नियमांतच आहे. फक्त पूर्ण डावभर एकच पद्धत ठेवा.

नवी_पेठ_६४ | सकाळी ९.३०

अवैध चालीचंही सांगा. समोरच्यानं अवैध चाल केली की लगेच आपण जिंकलो ना? रॅपिडला असंच करतात.

पंच_जुळे_सोलापूर | सकाळी १०.१५

नाही. पहिल्या अवैध चालीला समोरच्याला २ मिनिटं वाढवून देतात, दुसऱ्या अवैध चालीला डाव जातो. रॅपिडलाही पहिल्याला २ मिनिटंच, ब्लिट्झला (त्याहून झटपट डावांना) १ मिनिट. ‘राजा मारला, जिंकलो’ हे गल्लीतल्या खेळात.

फरक वेगळ्या ठिकाणी आहे. रॅपिडमध्ये अवैध चालीचा दावा तुम्ही स्वतःची पुढची चाल खेळण्याआधी करायचा. एकदा खेळलात की ती अवैध चाल तशीच पचते. क्लासिकलमध्ये डाव चालू असताना नंतर लक्षात आली तरी चुकीच्या आधीची स्थिती परत मांडतात. आणि इथं ती नीट लिहिलेली चालींची पत्रिका कामाला येते, शाईभाऊ म्हणतात तसं.

अजून तीन गोष्टी अवैध चालीत मोडतात, ज्या लोकांना ठाऊक नसतात. दोन्ही हातांनी कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) किंवा मारामारी करून घड्याळ दाबणं. प्यादं शेवटच्या घरात नेऊन, त्या जागी वजीर न ठेवता घड्याळ दाबणं. आणि चाल न खेळताच घड्याळ दाबणं. दुसऱ्या प्रकारात जादा वजीर जवळ नसेल तर हत्ती उलटा ठेवून वजीर म्हणू नका, तो हत्तीच धरला जातो. घड्याळ थांबवून पंचांकडं वजीर मागा. त्यासाठी घड्याळ थांबवायचा तुम्हाला हक्क आहे.

कॅसलिंगमध्ये आधी राजा, मग हत्ती. हत्तीला आधी हात लावून मग राजाला लावलात तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला करता येत नाही. मोहरा नुसता सरळ करायचा असेल तर आपली पाळी असताना, हात लावायच्या आधी ‘ॲडजस्ट’ म्हणा. हात लावल्यावर म्हणून उपयोग नाही.

रूळ_आणि_राजा | सकाळी ११.४०

प्रवासाचं बघू. पुण्याला स्पर्धा असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून पहिली फेरी गाठायचा बेत करू नका. ती पुण्यात पोचते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात, आणि स्टेशनपासून हॉल किती लांब ते कोण सांगणार. आदल्या संध्याकाळीच पोचा. परतीला हुतात्मा संध्याकाळी सुटते, तर शेवटच्या दिवसाची फेरी आणि बक्षिसं त्या वेळेपर्यंत आटोपतील का ते वेळापत्रकात बघूनच तिकीट काढा. सिद्धेश्वर पुण्यात मध्यरात्रीनंतर येते, झोपून सोलापुरात सकाळी उतरता येतं.

सांगलीची स्पर्धा सोलापूरकरांना सोयीची. मंगळवेढा, सांगोला, मिरज असा रस्ता. शिवाय भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळं त्या गावाला बुद्धिबळाची जुनी ओढ आहे.

लॉज हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावरच घ्या. दोन फेऱ्यांच्या दिवशी मधे दीड-दोन तास मिळतात. त्यातली पाऊण तासाची आडवं पडून विश्रांती ही रिक्षात घालवलेल्या वेळेपेक्षा फार मोलाची.

अक्का_बुधवारपेठ | दुपारी १२.२५

खाण्याचं मी सांगते. डाव चार तास चालू शकतो, दिवसात दोन म्हणजे आठ तास. दोन फेऱ्यांमधे भरपेट भात, पुरी-भाजी किंवा लग्नकार्यासारखी थाळी घेतली की दुसऱ्या डावाच्या पंधराव्या चालीला डोळे जड होतात. आपली एक ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि काकडी पुरते. ही शिदोरी दोन दिवस टिकते, लॉजवर गरम करावी लागत नाही. चटणी खाऊन हात साबणानं धुवा, तेलकट बोटांनी मोहरे घसरतात आणि हात लागला की चाल हा नियम आहेच.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरातच स्पर्धा असेल तर बेचाळीस अंश धरून चला. मंगल कार्यालयात कूलर लावतात, पण त्याचा झोत एकाच बाजूला. झोतात बसलेल्याचा चार तासांनी घसा बसतो, लांब बसलेल्याची शर्ट ओली होते. बारीक टॉवेल आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट दोन्ही जवळ ठेवा. पाणी थोडं थोडं प्या, लिंबू-मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तम. एकदम अर्धा लिटर पिऊन सारखं उठावं लागतं, आणि तेवढ्यात तुमचं घड्याळ चालूच असतं.

होम_मैदान | दुपारी १२.४०

अक्का, आयोजकांसाठीही एक जोडतो. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत इथं स्पर्धा ठेवू नये. सिद्धेश्वर मंदिराच्या आणि होम मैदानाच्या बाजूचे रस्ते गर्दीनं भरतात, बाहेरच्यांना खोल्या मिळत नाहीत आणि पहिली फेरी हमखास उशिरा सुरू होते.

नवी_पेठ_६४ | दुपारी १.१५

समोर नऊ-दहा वर्षांचं पोर आलं तर काय धोरण ठेवावं?

काळा_उंट | दुपारी १.५०

वय विसरून खेळा. मुलांचा गुणांक १८ वर्षांपर्यंत ४० राहतो, २३०० च्या खाली असतील तोवर, तरीही त्यांची खरी ताकद यादीतल्या आकड्याच्या पुढंच धावत असते. मुलं पटापट खेळतात आणि मोठी माणसं नकळत त्या वेगात ओढली जातात. चूक तिथंच होते. घड्याळात ७० मिनिटं शिल्लक ठेवून हरणारा प्रौढ दर स्पर्धेत दिसतो. तुमच्या चालीला तुमचा वेळ घ्या. मुलं डावपेचात तयार असतात, पण सावकाश, मोहरे कमी झालेल्या, प्याद्यांच्या रचनेवर चालणाऱ्या डावात कंटाळतात. तिथं घेऊन जा.

शाई_आणि_पट | दुपारी २.३०

सुरुवातीच्या चालींवर एक ओळ : पांढऱ्यानं लंडन पद्धत, काळ्यानं ई४ ला कॅरो-कान बचाव आणि डी४ ला एक ठरलेलं उत्तर, एवढं बास.

अडीच_घर | दुपारी २.५५

इथं माझं जमत नाही. लंडन घेऊन माणूस दहा चाली डोकं न वापरता खेळतो, मग अकराव्या चालीला समोर अनोळखी पट आणि डोकं गार. नवशिक्यानं ई४ खेळून खुले डाव अनुभवावेत. रेटिंग दोन महिने उशिरा मिळेल, खेळ वाढेल.

शाई_आणि_पट | दुपारी ३.१०

पाच दिवसांची रजा काढून आलेल्या माणसाला ई४ ला उत्तर म्हणून येणाऱ्या सिसिलियन बचावाच्या दहा शाखा पाठ करायला लावणं मला पटत नाही. त्याच्याकडं रोजचा एकच तास असतो. तो तास अंत्यपर्वाला द्यावा.

काळा_उंट | दुपारी ३.४०

अंत्यपर्वावर दोघांचंही एकमत असेल. एकच स्थिती पक्की करा, तिच्यावर अर्धा गुण दर स्पर्धेत ठरलेला. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती.

पट मांडा. काळा राजा ई८, काळा हत्ती ए६. पांढरा राजा डी५, पांढरं प्यादं ई५, पांढरा हत्ती एच७. काळ्यानं आपला हत्ती सहाव्या ओळीवरच आडवा चालवत ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढं येता येत नाही. ज्या क्षणी प्यादं ई६ वर येतं, त्या क्षणी हत्ती थेट ए१ वर. आता पांढऱ्या राजाला प्याद्याच्या आडोशाला लपता येत नाही, मागून शह सुरू करा : राजा डी६ वर आला की हत्ती डी१ शह. बरोबरी.

चुकतं कसं? घाबरून हत्ती आठव्या ओळीवर राजाशेजारी आणून ठेवतात. मधल्या प्याद्याविरुद्ध तो डाव हरतो. किंवा प्यादं पुढं यायच्या आधीच मागं जाऊन शह द्यायला लागतात, मग पांढरा राजा सहाव्या ओळीत शिरतो.

सरावाला लिचेस या संकेतस्थळावर हीच स्थिती मांडा, काळ्याकडून संगणकाशी दहा वेळा खेळा. फुकट आहे. सात मोहऱ्यांपर्यंतचा अचूक निकाल तिथल्या तक्त्यात बघता येतो.

अक्का_बुधवारपेठ | दुपारी ४.०५

आणि सराव लाकडी पटावर करा हो. मोबाइलवर वरून दिसतं, हॉलमध्ये समोरून. साडेनऊ सेंटिमीटरचा राजा, पाच-सहा सेंटिमीटरची घरं. मधल्या मोहऱ्यांच्या आड लांबच्या कोपऱ्यातला उंट खरोखर दिसत नाही.

पंच_जुळे_सोलापूर | सायंकाळी ५.३०

घड्याळाचं राहिलं होतं. जुन्या डीजीटी कंपनीच्या घड्याळांवर आधी फक्त तास आणि मिनिटं दिसतात, सेकंद वीस मिनिटांच्या खाली आल्यावर. त्यामुळं वाढ चालू आहे की नाही ते पहिल्या काही चालींत लगेच कळत नाही. चौथ्या-पाचव्या चालीनंतर पटापट खेळूनही मिनिटं नुसती कमीच होत असतील तर तेव्हाच पंचांना बोलवा. चाळिसाव्या चालीला सांगितलंत तर दुरुस्ती होईल, पण तोवर दोघांचा डाव त्या चुकीच्या घड्याळावर खेळून झालेला असतो.

प्यादं_पुढं | रात्री ८.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. अडीचघरांचा हिशेब आणि पंचसाहेबांचं रेटिंगचं गणित वाचल्यावर मी माझी अट मागं घेतो. रॅपिडच्या गुणांची वाट बघण्यात अर्थ नाही. त्याऐवजी असं ठरवतो : आठ आठवडे, रविवार सोडून रोज एक तास, लाकडी पट. आठवड्यातले चार दिवस डावपेच, दोन दिवस हत्तीचं अंत्यपर्व, रविवारी पूर्ण ९० अधिक ३० चा एक डाव, चाली लिहून, मधे न उठता. मग सांगलीसारखी जवळची स्पर्धा. चालेल ना?

अडीच_घर | रात्री ९.०५

चालेल. रविवारच्या डावानंतर आधी स्वतः पेन्सिलनं शंका लिहा, संगणकाचं इंजिन दुसऱ्या दिवशी लावा. त्याच दिवशी लावलं की आपण काय विचार केला होता ते विसरायला होतं.

सातरस्ता | रात्री ९.१२

आणि मोबाइल? हॉलबाहेर कुणाकडं द्यायचा, एकट्यानं गेल्यावर?

पंच_जुळे_सोलापूर | रात्री ९.३०

लॉजवर ठेवणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर पूर्ण बंद करून पिशवीत, आणि फेरीआधी पंचांना विचारून त्यांनी सांगितलेल्या जागी. नुसता सायलेंट नाही, बंद. खिशात सापडला तर डाव जातो. स्मार्ट घड्याळही त्यातच आलं, ते घरीच काढून ठेवा. पेनं दोन न्या.